पिवळं पान शेंड्याचं की बुडाचं?

वाचकांचे प्रश्न : कुंडीतली झाडं

प्रश्न : ताई, माझ्याकडे कुंडीत अनंत आहे. आईच्या परसातल्या झाडाची फांदी सावंतवाडीहून आणून रुजवली होती, आता झाड कमरेएवढं झालंय. आम्ही बावधनला पाचव्या मजल्यावर राहतो. गॅलरी पूर्वेची, अकरापर्यंत ऊन. गेल्या पावसाळ्यात भरभरून फुलं आली. दिवाळीनंतर मात्र झाड पिवळं पडायला लागलं. आता तर शेंड्याची पानं पिवळट-पांढरी झालीत, शिरा तेवढ्या हिरव्या. नवीन पान लहान येतंय, काहींच्या कडा तपकिरी. कळ्या हरभऱ्याएवढ्या झाल्या नि गळल्या. नर्सरीवाल्यानं ‘भूक लागलीय त्याला’ म्हणून १९:१९:१९ हे नत्र-स्फुरद-पालाशाचं खत दिलं, ते दर आठवड्याला घालते. शेजारच्या काकूंनी एप्सम सॉल्ट सांगितलं, तेही करून झालं. अंड्याची टरफलं कुटून महिन्याला मूठभर घालते. पाणी एक दिवसाआड. डिसेंबरपासून सोसायटीत टँकर येतोय, त्यामुळे पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ मशीनचं बाजूला पडणारं पाणी बादलीत धरते आणि तेच सगळ्या कुंड्यांना घालते. तुळस आणि मनीप्लांट उत्तम आहेत, मग अनंतच का? कीड कुठे दिसत नाही. आईचं घर आता बंद आहे, पुन्हा फांदी मिळेल की नाही ठाऊक नाही. दोन फोटो पाठवतेय.
— एक वाचक, बावधन, पुणे

उत्तर : तुमचा अनंत उपाशी नाही. आज संध्याकाळी कुंडीत काही घालायच्या बेतात असाल तर थांबा. १९:१९:१९ बंद, एप्सम बंद, टरफलं बंद. आणि घाबरू नका. फोटोत खोड टणक दिसतंय, खालची पानं अजून गडद हिरवी आणि चकचकीत आहेत. असं झाड जाण्याच्या वाटेवर नसतं.

ती खालची हिरवी पानं हेच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. झाड पिवळं पडलं की लोक मला ‘पानं पिवळी पडतायत’ एवढंच लिहितात. कुठली पानं, ते कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहिलंत, म्हणून इतक्या खात्रीनं बोलू शकतेय. झाडाच्या अंगात काही अन्नद्रव्यं हिंडतीफिरती असतात. नत्र कमी पडलं किंवा मॅग्नेशियम कमी पडलं, तर झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देतं. त्यामुळे त्यांची कमतरता आधी बुडाच्या पानांवर दिसते. नत्राची असेल तर जुनं पान शिरांसकट सगळंच फिकं होतं. मॅग्नेशियमची असेल तर जुन्याच पानाच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो, देठाजवळ हिरवा त्रिकोण उरतो. लोहाचं तसं नाही. जुन्या पानात एकदा बसलेलं लोह तिथून सहसा हलत नाही. मुळांकडून रोज नवं आलं नाही तर नव्या पानाला काहीच मिळत नाही. म्हणून शेंडा पिवळा, शिरा हिरव्या आणि बूड काळंभोर, हे चित्र लोहाच्या तुटवड्याचं. एप्समनं फरक का पडला नाही तेही यातच आलं. एप्सम म्हणजे मॅग्नेशियम, आणि त्याची तुमच्या झाडाला गरजच नव्हती.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, ऊसपट्ट्यातलं. चुनखडीच्या रानात खोडवा, म्हणजे तोडलेला ऊस, पुन्हा फुटला की शेंड्याची पानं अशीच पांढुरकी येतात, ‘केवडा पडला’ म्हणतात आमच्याकडे. त्या रानाची माती तपासली तर लोह भरपूर निघतं. उसाला ते उचलता येत नाही, एवढंच. तुमच्या कुंडीतही तेच चाललंय. मातीचा सामू, म्हणजे पीएच, जसजसा चढतो तसतसं लोह विरघळेनासं होतं. सामू एका अंकानं चढला की विरघळणारं लोह हजार पटीनं घटतं. हजार पट! साडेपाचला जे झाड मजेत असतं, ते साडेसातला हातात वाटी घेऊन रिकाम्या पंगतीत बसलेलं असतं.

अनंताला सामू पाच ते सहा लागतो, फार तर साडेसहा. सावंतवाडीच्या परसात तो आपोआप मिळतो. जांभ्याची माती, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तो पाऊस मातीतला चुना धुऊनच नेतो. पुण्यात पाऊस सातशेच्या आसपास, माती काळ्या पाषाणाची, खणलं की चुन्याचे खडे लागतात. तुळशीला त्याचं काही वाटत नाही, मनीप्लांटला तर कशाचंच वाटत नाही. अनंत आणि रुक्मिणी ही दोन्ही कॉफीच्या कुळातली झाडं, आणि ती चुन्यापुढे हरतात. ‘मग अनंतच का’ याचं उत्तर हे.

आता लोह कशानं अडलं ते बघू. तुमच्या पत्रात मला तीन कारणं दिसली आणि फोटोत चौथं.

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण पाणी. खडकवासल्याचं पाणी म्हणजे सह्याद्रीत पडलेला पाऊसच, त्यात क्षार थोडे. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं किंवा विहिरीचं असतं, जड. बादलीला पांढरा थर धरतो, गिझरची कॉइल जाते, साबणाला फेस येत नाही, ते तुम्ही घरात बघतच असाल. त्या पाण्यातलं बायकार्बोनेट हा क्षार आहे, ते प्रत्येक पाणी देण्याबरोबर मातीचा सामू थोडा थोडा वर ढकलतं. त्यात तुम्ही आरओचं बाजूला पडणारं पाणी वापरता. मशीन पिण्याच्या पाण्यातून क्षार काढतं, ते जातात कुठे? त्या बाजूच्या नळीतून बाहेर. निम्मं पाणी पिण्याचं निघालं असं धरलं तर उरलेल्या निम्म्यात क्षार जवळजवळ दुप्पट. डिसेंबरपासून अनंत ते पितोय. कडा तपकिरी होण्याचं कारणही हेच, तो क्षारांचा चटका आहे. पाणी वाया जाऊ नये ही तुमची भावना मला फार मोलाची वाटते. ते पाणी फरशी पुसायला, संडासाला, गॅलरी धुवायला वापरा. झाडांना नको. तुळशीलाही नको, ती सोसते म्हणून द्यायचं नाही.

दुसरं, टरफलं. अंड्याचं टरफल म्हणजे चुनखडीच. गुलाब, टोमॅटो यांचं ठीक आहे, अनंताला ते वर्ज्य. चुलीची किंवा होमाची राखही तशीच, ती तर टरफलांपेक्षा लवकर काम बिघडवते.

तिसरं, ते १९:१९:१९. त्यातलं नत्र झाडाला वाढ करायला लावतं, म्हणजे आणखी नवी पानं, म्हणजे लोहाची मागणी आणखी वाढली. आणि दर आठवड्याला पडणारं स्फुरद मातीतलं उरलंसुरलं लोह बांधून टाकतं. झाडाकडे न बघता ‘भूक लागलीय’ म्हणून पुडी हातात देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पान हातात घेऊन बघायला अर्धं मिनिट लागतं.

चौथी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. कुंडी सिमेंटची आहे, आणि नवी दिसतेय. नव्या सिमेंटमधून बरेच महिने चुना पाझरत राहतो. बाहेरून ओलीच्या रेषेवर पांढरी कड आलेली फोटोत स्पष्ट दिसते.

पावसाळ्यात झाड छान होतं, दिवाळीनंतर बिघडलं, हा क्रमही याच्याशी जुळतो. पावसानं कुंडी धुतली जात होती, नळाला धरणाचं पाणी होतं. पाऊस संपला, टँकर आला, थंडी पडली. गार मातीत अनंताची मुळं तशीही लोह कमी उचलतात. सगळं एकाच वेळी आलं.

इतकं सांगूनही मी म्हणेन, माझ्या शब्दावर जाऊ नका, घरी पडताळा. तीन गोष्टी करा.

कुंडीतली चमचाभर माती वाळवा आणि तिच्यावर पांढरं व्हिनेगर टाका. कान जवळ नेऊन ऐका. चुरचुरली, बुडबुडे आले, तर मातीत मोकळा चुना आहे. नाही चुरचुरली तरी सामू चढलेला असू शकतो, म्हणून दुसरी चाचणी. एक भाग माती, अडीच भाग बॅटरीचं पाणी (म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीतलं ॲसिड नव्हे), नीट ढवळून अर्धा तास ठेवायचं आणि वरच्या निवळीत पीएचची कागदी पट्टी बुडवायची. पट्ट्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. बॅटरीचं पाणी अशासाठी की त्यात क्षार नसतात. नळाचं घेतलंत तर तुम्ही मातीऐवजी पाणीच मोजाल. सात किंवा त्याच्या वर आलं की संशय पक्का. टँकरचं पाणीही त्याच पट्टीवर बघून ठेवा.

तिसरी चाचणी माझी सगळ्यात आवडती, कारण तिचं उत्तर झाड स्वतः देतं. एक लिटर बॅटरीच्या पाण्यात आधी एक ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा, मग तीन ग्रॅम हिराकस. हिराकस कृषी सेवा केंद्रात ‘फेरस सल्फेट’ म्हणून मिळेल. खडे फिकट हिरवे हवेत. तपकिरी झाले असतील तर घेऊ नका, त्यातलं लोह निकामी झालेलं असतं. द्रावणही केलं की लगेच वापरायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. ऊन उतरल्यावर झाडाची एकच पिवळी फांदी निवडा, तिला दोरा बांधा आणि तिच्याच पानांना दोन्ही बाजूंनी फवारा. बाकी झाड तसंच ठेवा. खाली जुना कागद पसरा, हिराकसाचे डाग फरशीवरून निघत नाहीत. आठ-दहा दिवसांत त्या फांदीच्या पानांवर हिरवे ठिपके उमटतील, जिथे जिथे थेंब बसला तिथे तिथे. बाकीच्या फांद्या पिवळ्याच असतील. हे दिसलं की निदानावर शिक्कामोर्तब झालं. ठिपके नाही आले तर मला पुन्हा लिहा, मग आपण मुळांकडे जाऊ.

ठिपके आले की सगळ्या झाडाला तेच फवारा, दहा-बारा दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा. हा मात्र तात्पुरता आधार आहे. फवारलेलं लोह फवारलेल्या पानातच राहतं, पुढचं नवं पान पुन्हा पिवळं येईल. खरं काम मुळाशी करायचं आहे.

त्यातलं पाणी आजपासून बदलता येईल. धरणाचं पाणी येतं त्या दिवशी अनंतासाठी दोन बाटल्या भरून ठेवा. टँकरचंच घालायची वेळ आली तर दहा लिटरच्या बादलीला तीन-चार ग्रॅम लिंबूसत्त्व टाका, ढवळा, पट्टी बुडवा. सहाच्या आसपास आलं की पुरे. पाच-साडेपाचच्या खाली नेऊ नका. जूनपासून पावसाचं पाणी धरा, अनंताला त्याहून चांगलं पाणी नाही.

मातीत लोह द्यायचं तर विकत घेताना पुडीवरचं नाव वाचा. दुकानात ‘चिलेटेड आयर्न’, म्हणजे दुसऱ्या पदार्थानं धरून ठेवलेलं लोह, मागितलं की बहुतेक ठिकाणी ईडीटीएनं धरलेलं देतात, १२ टक्के लोहाचं. फवारणीला ते चालतं. मातीत मात्र सामू साडेसहाच्या वर गेला की ईडीटीए लोह सोडून देतं आणि चुन्याला धरतं, पैसे वाया. तुमच्या कुंडीला ईडीडीएचए हवं. ते सामू नऊपर्यंत टिकतं. महाग असतं, पण कुंडीला लागतं किती? लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, दीड-दोन महिन्यांनी एकदा. ते पाण्यात गडद लाल उतरतं, त्यावरून ओळखता येईल.

आता कुंडी. इथे तुम्ही शेतकऱ्यापेक्षा सुदैवी आहात. वाळव्याच्या शेतकऱ्याला रान बदलता येत नाही, तुम्हाला माती बदलता येते. गंधक टाकून चुनखडीची माती आंबट करण्याच्या नादी लागू नका, कुंडीतला चुना संपेपर्यंत झाड थांबणार नाही. पण आत्ता मार्च आहे, पुढे कडक ऊन आहे, आणि अशक्त झाडाची मुळं या दिवसांत उघडी करायची नाहीत. सध्या वरची दोन बोटं माती टरफलांसकट खरवडून काढा आणि तिथे पालापाचोळ्याचं कुजलेलं खत भरा. मग धरणाच्या पाण्यानं कुंडी एकदा धुऊन काढा. कुंडीत माती मावते त्याच्या दुप्पट पाणी हळूहळू ओता आणि खालून सगळं वाहून जाऊ द्या.

जूनमध्ये दोन-तीन चांगल्या सरी पडल्या की झाड काढा. मातीची किंवा प्लास्टिकची बारा इंची कुंडी घ्या. निम्मी कोकणातली लाल माती, पाव भाग पालापाचोळ्याचं खत, पाव भाग कोकोपीट. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांत धुवा, किनाऱ्याकडच्या काथ्यात मीठ असतं. मूठभर निंबोळी पेंड. नर्सरीतला पोयटा नको, तो कुठल्या नदीकाठचा आणि किती चुन्याचा हे कुणीच सांगू शकत नाही. मुळं झाडताना बघून घ्या. पांढरी-पिवळसर, टणक असली तर ठीक. त्यांच्यावर मण्यांसारख्या गाठी असतील तर ते सूत्रकृमी, तेही अनंताला लागतात, आणि मग मला जरूर कळवा. नव्या मातीत झाड रुळलं की महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम अमोनियम सल्फेट द्या. ते नत्रही देतं आणि सामू खालीही ठेवतं.

कळ्यांचं दुःख आत्ता करू नका. पिवळ्या झाडाला कळ्या पोसवत नाहीत, तो त्या टाकून देतो, बरंच करतो. यंदा फुलं कमी येतील. उन्हाळाभर कुंडी एकाच जागी ठेवा, उचलून हलवू नका, अनंत त्यानंही कळ्या टाकतो.

आणि एक काम पावसाळ्यातच करा. झाड हिरवं झालं की जुलैमध्ये अर्धवट पिकलेल्या, म्हणजे वर हिरव्या आणि खाली करड्या होत चाललेल्या, वीतभर लांबीच्या चार-पाच फांद्या कापा. वरची दोन-तीन पानं ठेवून त्या धुतलेल्या कोकोपीटमध्ये लावा, वर पारदर्शक पिशवी घाला, उजेडात ठेवा, उन्हात नको. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतील. एक रोप नात्यात कुणाला द्या, शक्यतो कोकणात. आईचं झाड एकाच कुंडीच्या भरवशावर ठेवू नका.

प्रश्न : आमच्याकडेही कुंडीतला अनंत पिवळा पडलाय. पण आम्ही चिपळूणला असतो, माती लाल, पाणी विहिरीचं, गोडं. बुडाची पानं पिवळी होऊन गळतात, आणि माती ओली असूनही दुपारी झाड मान टाकतं. कुंडी प्लास्टिकची आहे, खाली ताटली. लोहाची फवारणी करू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : अजिबात करू नका. नाव तेच, दुखणं वेगळं. तुमच्याकडे पिवळेपणा बुडापासून आहे आणि माती ओली असताना झाड मान टाकतंय. याचा अर्थ पाणी आहे, ते उचलणारी मुळं नाहीत. ताटलीत पाणी साचतं, खालची मुळं हवेवाचून कुजतात.

आजच झाड आडवं करून कुंडीतून अलगद काढा आणि मुळांचा वास घ्या. डबक्याचा वास आला, मुळं तपकिरी, मऊ, बोटांत धरून ओढली की साल सुटून आत दोरा उरतो, तर ती कुजलेली. स्वच्छ कात्रीनं पांढऱ्या भागापर्यंत कापून टाका. मुळं जितकी गेली तितक्याच प्रमाणात वरच्या फांद्याही कापा, उरलेल्या मुळांना तेवढंच झाड पोसता येईल. उन्हाळ्यात मुळं उघडू नयेत असं मी वर बावधनच्या ताईंना सांगितलंय, तुमच्या बाबतीत मात्र थांबायला वेळ नाही. नवी माती भुसभुशीत हवी, तीत जांभ्याची बारीक खडी मिसळा. कुंडी मुळांच्या मानानं लहानच घ्या, मोठ्या कुंडीत ओल रेंगाळते. भोकं मोकळी आहेत का बघा. ताटली काढून टाका, कुंडी दोन विटांवर ठेवा. पंधरा दिवस सावलीत, खत काहीही नाही. बोट पेरभर मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी.

सगळीच मुळं गेली असतील तर झाड वाचवायच्या खटाटोपात दिवस घालवू नका, फांद्या अजून ताज्या आहेत तोवर वर सांगितल्याप्रमाणे त्या रुजवायला लावा.

जुनी पानं थोडी पिवळी होऊन गळणं मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये निरोगी अनंताचंही होतं. शेंड्याला नवी हिरवी पालवी असेल, झाड ताठ असेल आणि मुळं पांढरी निघाली, तर ती केवळ पानगळ. मग झाड परत कुंडीत बसवा आणि ताटली तेवढी काढा.

प्रश्न : तगरीच्या कुंडीत पानांवर काजळी धरलीय, पुसली की परत येते. पानं चिकट लागतात. बुरशीनाशक कुठलं मारू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बुरशीनाशक नको. ती काजळी पानाला खात नाही, पानावर सांडलेल्या गोड चिकट्यावर वाढते. तो चिकटा टाकणारी कीड वरच्या पानांच्या पाठीमागे आणि फांद्यांच्या बेचक्यात शोधा. पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण, पान हलवल्यावर पांढरे किडे उडाले तर पांढरी माशी. खोडावर मुंग्यांची रांग आहे का तेही बघा. मुंग्या त्या चिकट्यासाठी पिठ्याला जपतात, त्याच्या शत्रूंना हाकलतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा. कुंडी पाण्याच्या ताटात ठेवलेल्या विटेवर ठेवा आणि झाडाची फांदी भिंतीला टेकू देऊ नका. मग पाण्याच्या जोरदार धारेनं पानांची पाठ धुवा. कापूस दिसेल तिथे स्पिरिटमध्ये बुडवलेला बोळा फिरवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि ते मिसळण्यापुरता मऊ साबण घालून फवारा. अंड्यांतून नवी पिल्लं निघत राहतात, त्यामुळे आठवड्याच्या अंतरानं तीनदा तरी करावं लागेल. एका फवाऱ्यावर सोडलंत तर महिन्याभरात काजळी पुन्हा दिसेल.